एकवीस डिसेंबरपर्यंत हिरवळ

१२ ऑक्टोबर, रविवार

बियांच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय, पेरणीची नोंद ठेवा. चौतीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनींच्या नोंदी ठेवल्या, स्वतःच्या अंगणाची एकदाही ठेवली नाही. तर ही घ्या.

अंगणातली हिरवळ, अठरा फूट बाय बावीस फूट. स्थिती लाजिरवाणी. मधोमध टक्कल आणि कडेला चार झिपऱ्या. जुलैत रंगाऱ्यांनी परांची बांधली, त्यांचे बांबू रुतले, पाय फिरले, चुना सांडला. त्यांनीच वाट लावली. बायको, पद्मजा, म्हणते, "त्या बिचाऱ्यांना कशाला बोल लावता? पावसानं गेली असेल." पावसानं गवत जातं हे साठी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकलं.

आता इतका खटाटोप का, तर सुरुचीसाठी. आमची एकुलती एक लेक. खराडीच्या चौदाव्या मजल्यावरून गेल्या महिन्यात इथे सहकारनगरला आणलीय, मागच्या शांत खोलीत. साडेचार महिने झालेत. याआधी दोनदा मोडलं, एकदा चौथ्या महिन्यात, एकदा पाचव्यात. या वेळी डॉक्टरांनी गर्भपिशवीला टाका घातलाय आणि बाईसाहेबांनी पडून राहायचंय. सातवा महिना पुरा होईपर्यंत कुणी कौतुक करायचं नाही, बाळाचं नावही काढायचं नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलंय. सातवा पुरा होतो एकवीस डिसेंबरला. "बाबा, तेव्हा मात्र डोहाळजेवण करायचं. हॉलबिल नाही हं. आपल्या लॉनवर. मला अनवाणी बसायचंय."

डॉक्टर इंजेक्शनं देतात. पद्मजा खाऊ-पिऊ घालते. जावई, अभिनव, शनिवारी येतो आणि पाय चेपतो. मला कुणी काही करायलाच देत नाही. मी खोलीत शिरलो की दोघी बोलायच्या थांबतात. तेव्हा मी गवत पेरतो.

१३ ऑक्टोबर

कुदळीनं जमीन हलवली, खडे वेचले, शेणखत पसरलं. बी खसखशीएवढं. वाळूत कालवून फेकलं, म्हणजे एका जागी पडत नाही. मग सवयीनं दोरी ताणून दोन-दोन फुटांचे नव्व्याण्णव चौकोन पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. सुरुची पुढच्या दारात खुर्चीवर येऊन बसली होती. म्हणाली, "बाबा, सातबाराही काढा आता." हसली. बरेच दिवसांनी हसली.

संध्याकाळी लोणी काळभोरच्या मच्छिंद्रला फोन केला. वीस वर्षांपूर्वी त्याच्या बांधाची मोजणी मी केली होती, तेव्हापासूनची ओळख. आता तो लॉनच्या गाद्या विकतो. कुठलं बी म्हणून विचारलंन. मी पाकिटावरचं झोकदार परदेशी नाव वाचून दाखवलं.

"सायेब, ही तर हरळी हाय."

"हरळी?"

"हरळी म्हंजी हरळी. तुमी गनपतीला वाहता त्या दूर्वा. आमच्या बापाची हयात गेली ती खनून काडन्यात, आन तुमी पेरताय व्हय?" बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "येईल, येईल. पाय पडू देऊ नका आन पानी तोडू नका."

१६ ऑक्टोबर

मुंग्या. लाल, बारीक. एकेक बी उचलून रांगेनं कुंपणाकडे नेतात. हळदीची रेघ ओढली. मुंग्या रेघेला वळसा घालून गेल्या.

त्यातून शेजारचा इंद्रजीत. एकटा राहतो आणि सहा मांजरं पोसतो. मांजरांना आमची भुसभुशीत माती म्हणजे आयती सोय. त्याला म्हटलं, "अहो, तुमची मांजरं आमच्याकडे प्रातर्विधीला येतात." तर म्हणे, "काका, मांजरांना बाउंड्री कळत नाही." मी म्हटलं, "माणसांना कळावी एवढीच अपेक्षा आहे."

२० ऑक्टोबर

आले! दिव्यांच्या दिवसांत आले! सकाळी उटणं लावून अंगणात आलो तर चौकोन चाळीस ते पंचेचाळीसमध्ये हिरवी लव. गुडघ्यावर बसून, चष्मा पुसून पाहिलं. पद्मजाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, वाकली, आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं नव्हतं तिला गवताचं इतकं असेल. "किती बाई आलेत," म्हणाली, "फार बरं झालं."

सुरुचीची खुर्ची दोघांनी उचलून दारापर्यंत आणली. तिनं पाहिलं आणि पोटावर हात ठेवला. बोललं कुणीच नाही. तिचीच ताकीद.

२९ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे गेलो होतो. बाळाची वाढ चांगली आहे. डॉक्टरीणबाईंनी पद्मजाकडे पाहून बजावलं, "घरगुती काढे, रस, चाटणं, काही नको. मी लिहून देते तेवढंच." पद्मजानं शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

मागच्या वेळी फार झालं होतं हे. अंगारे, गंडे, कुठल्याशा बाबांचं पाणी. आणि शेवटी व्हायचं तेच झालं. तेव्हा मी संतापून म्हटलं होतं, या घरात परत नवस-सायास नकोत, देवाला काय आपण लाच देतोय? पद्मजा त्यावर आजतागायत एक अक्षर बोललेली नाही. पटलं असावं.

५ नोव्हेंबर

गवत दोन बोटं. काही चौकोनांत दाट, काही अजून उघडे.

पद्मजाची कंबर धरलीय. हल्ली पाचच्या आत उठते, आंघोळ करते आणि मी उठेपर्यंत तिची पूजाही आटोपलेली असते. म्हटलं, कशाला इतक्या लवकर? म्हणाली, झोप येत नाही. तिच्या अंगठ्याचं नख हिरवट दिसतंय. मेथी निवडून होतं म्हणाली. मेथी मात्र पानात दिसली नाही.

सुरुचीला सकाळी एक हिरवा पेला देते. पालक, कोथिंबीर, पुदिना. सूप म्हणे. सुरुची नाक दाबून पिते. "आई, गवतासारखं लागतंय गं." मी म्हटलं, "लॉन फार मनावर घेतलंयस तू." पद्मजा इतक्या जोरानं हसली की मीच चकित झालो. माझे विनोद तिला सहसा आवडत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

काल संकष्टी होती. आज सकाळी मोजदाद केली. चौकोन एकेचाळीसमध्ये परवा साठ कोंब होते. आज अकरा. बेचाळीसमध्ये सात. त्रेचाळीस साफ. मधला सगळा पट्टा उजाड, जणू न्हाव्यानं मशीन फिरवलंय.

दिवसभर पुन्हा पुन्हा जाऊन मोजलं. गवतच ते, हे मलाही कळतं. पण एकवीस डिसेंबर जवळ येतोय आणि या घरात मला दुसरं काही येत नाही.

१० नोव्हेंबर

रात्री विचार केला. संकष्टी! म्हणजे कुणीतरी दूर्वा खुडून नेल्या. कॉलनीतल्या बायका पहाटे पिशव्या घेऊन हिंडतात, दुसऱ्याच्या जास्वंदीवर आपला गणपती सजवतात. पाटी रंगवून फाटकाला लावली:

'येथे हिरवळ वाढवली जात आहे. दूर्वा मंडईत मिळतात. चोरीच्या दूर्वा गणपतीला चालतात का, हे घरी जाऊन त्यालाच विचारावे.'

इंद्रजीतनं फोटो काढून नेला. पद्मजा मात्र पाटीसमोर उभी राहून दोनदा वाचत होती. म्हणाली, "इतकं लागेल असं का लिहिता? नेणाऱ्याची काही अडचण असेल."

"कसली अडचण?"

"काही असेल हो. एखादीच्या जिवाला घोर असेल."

ही बाई चोराचीही बाजू घेईल.

१३ नोव्हेंबर

मच्छिंद्र मंडईत माल टाकून इकडे आला. सुरुचीसाठी पेरू आणले. उकिडवा बसून हिरवळ बघितलीन, एक काडी उपटून डोळ्यांपाशी धरलीन.

"सायेब, हे मुंगीनं न्हाई खाल्लं आन मांजरानं न्हाई तुडवलं. हे खुडलंय. नखानं. ह्यो बगा, त्रिदळाच्या खाली बरोबर काप हाय. आन बाहेरच्या मानसानं न्हाई."

"ते कशावरून?"

"बाहेरचा मानूस घाईत उपटतो. मुळासकट. हितं एक मूळ हाललं न्हाई. मायेनं खुडलंय कुनीतरी."

मी म्हटलं, पुण्यात चोरही पद्धतशीर असतात. पद्मजा चहा घेऊन आली होती. कपबशी ठेवताना चहा बशीत सांडला. मच्छिंद्रनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "बी दुबार टाका सायेब. दुसरं काय." चहा पिऊन गेला.

१४ नोव्हेंबर

दुबार पेरणी. या वेळी गोणपाट ओलं करून वर अंथरलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मुंग्या परत. गोणपाटाखालून! पाहून डोकंच फिरलं. तीन दिवसांत निम्मं बी वारुळात.

पद्मजा आणि सुरुची तपासणीला गेल्या होत्या, अभिनव घेऊन गेला होता. मी तेवढ्यात खतांच्या दुकानातून मुंग्यांची पांढरी पावडर आणली. तोंडाला रुमाल बांधला आणि नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव चौकोनांत भुरभुरवली, कडेच्या जुन्या गवतावर जरा जास्तच, कारण वारूळ तिकडे आहे. वर पाणी मारलं की काही दिसत नाही. डबा माळ्यावर, मोजणीच्या जुन्या टेपांच्या मागे. घरात पोटुशी मुलगी आणि तुम्ही विष काय आणता म्हणून पद्मजानं घर डोक्यावर घेतलं असतं. उगाच. सुरुची मागच्या खोलीत, गवत पुढच्या अंगणात. ती काय गवत खायला येणार आहे?

संध्याकाळी एकही मुंगी नाही. फार दिवसांनी मी काहीतरी तडीस नेलं.

१९ नोव्हेंबर

मुंग्या नाहीत. मधलं गोणपाट तसंच आहे, पण कडेचं जुनं गवत आज पुन्हा थोडं विरळ वाटतंय. पाटीचा काही उपयोग नाही. पुणेकर पाट्या फक्त फोटो काढायला वाचतात.

२१ नोव्हेंबर

सुरुचीचं पोट बिघडलंय. सकाळपासून दोनदा ओकली. पेल्यातलं सूप अर्धं ठेवलंन. पद्मजा म्हणाली, "थोडं राहिलंय, घे गं राणी, थंड असतं, धरून ठेवतं." काय धरून ठेवतं ते विचारायचं राहून गेलं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, व्हायरल सगळीकडे आहे, पाणी भरपूर द्या.

चौकोन पन्नासच्या पुढे नवे कोंब आलेत. तिला सांगितलं. डोळे मिटूनच म्हणाली, "एकवीसला तीसच दिवस राहिले बाबा."

२५ नोव्हेंबर

दुपारी साडेतीनला सुरुचीनं हाक मारली. "आई, ओलं ओलं वाटतंय." पद्मजाच्या हातातलं ताट पडलं.

अभिनव खराडीहून निघाला पण वाटेत अडकला. मीच गाडी चालवली. प्रत्येक खड्ड्याला मागून तिचा आवाज यायचा आणि मी 'झालं, आलंच, आलंच' म्हणत होतो. दुसरं काही सुचेचना.

रुग्णालयाच्या फॉर्मवर नातं लिहायचं होतं. मी तिथे तारीख लिहिली. 'वडील' हा शब्द परिचारिकेनं लिहिला.

२७ नोव्हेंबर

मुलगी होती. एक दिवस आणि चार तास.

मी तिला काचेतून पाहिलं. तिच्या हाताला नखं होती.

३० नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी आम्हा चौघांना बसवून सांगितलं. पाणी आधी गेलं, मग जंतुसंसर्ग झाला, टाका टिकला नाही. काही वेळा होतं. "कुणीही स्वतःला दोष देऊ नका. कुणी काही केल्यामुळे हे झालेलं नाही." अभिनवनं विचारलं, "म्हणजे रीझन काय, एक्झॅक्टली?" त्या म्हणाल्या, प्रत्येक वेळी सापडतंच असं नाही.

पद्मजा खिडकीबाहेर पाहत होती.

६ डिसेंबर

सुरुचीला घरी आणलं. खराडीला जायचं नाही म्हणाली, तिकडे पाळण्याचं खोकं आणून ठेवलंय. तिला दूध येतंय. हे लिहू नये खरं. पण पद्मजा तिला घट्ट पट्टा बांधत होती आणि मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. बाप म्हणून मला जे करता आलं ते एवढंच. बाहेर उभा राहिलो.

९ डिसेंबर

आज पद्मजानं देव्हाऱ्याखालून पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत चिंचोके.

"एकेक चिंचोका शंभर दूर्वांचा," म्हणाली. "सहाशे चौदा आहेत. हजार व्हायला हवे होते."

मला समजायला वेळ लागला. तिनं ऑगस्टपासून लक्ष दूर्वांचा संकल्प केला होता. एक लाख दूर्वा, सुरुचीचं बाळ हाती येईपर्यंत. नवस बोलून दाखवला की फळत नाही, आणि माझ्यासमोर बोलायची तर सोयच नव्हती. रोज पहाटे टॉर्च घेऊन अंगणात. रंगाऱ्यांनी नाही, पावसानं नाही, मुंग्यांनी नाही. माझी हिरवळ तिनं खुडली होती.

"तुम्ही पेरत होता आणि मी काढत होते," म्हणाली. "तुमची पाटी लागल्यावर माझा हात उचलेना. कडेकडेचंच घेत राहिले. दिवसाचे आठशे व्हायचे ते दोनशेवर आले. माझाच संकल्प अपुरा पडला हो. मला क्षमा करा."

मी, ज्यानं नवसाला लाच म्हटलं होतं, तो मी त्या बाईला काय सांगणार? म्हटलं, "पद्मा, अगं गवतच ते." आणि तिच्याजवळ जमिनीवर बसलो. चाळीस वर्षांत आम्ही असे बसलो नव्हतो. ती रडली. मीही रडलो, लिहायला लाज कसली. मग वर जाऊन फाटकाची पाटी काढली. म्हणजे खाली जाऊन. काय लिहितोय मी.

१५ डिसेंबर

कुणी खुडत नाही, कुणी मोजत नाही, पाणीसुद्धा मी आठवण झाली तर मारतो. आणि हिरवळ अशी आलीय की रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. नव्व्याण्णव चौकोनांत एक रिकामा नाही. मच्छिंद्रला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "थंडीत अशी येत न्हाई सायेब. नशीब काडलं तुमी." मग त्याच्या लक्षात आलं आणि घाईनं फोन ठेवलान.

इंद्रजीत कुंपणावरून म्हणाला, "काका, काय टाकलंत हो एवढं?" बिचाऱ्याला फक्त गवताविषयी बोलता येत होतं. मलाही तसंच बरं वाटलं. माझं हे गवत मला बघवत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

तारीख कुणी उच्चारली नाही. कॅलेंडरवर सुरुचीनं कधीतरी पेन्सिलनं छोटं गोल केलेलं आहे.

सकाळी सात वाजता मिक्सरचा आवाज आला. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर टोपली, टोपलीत ओल्या दूर्वा, आणि पद्मजा मिक्सरच्या भांड्यात रस काढत होती. हिरवा पेला शेजारी.

"हे काय?"

"रागावू नका. दूर्वांचा रस आहे. अंगातली आग कमी होते, बाळंतिणीला चांगला. आता तरी तुमच्या हिरवळीचा तिला उपयोग होऊ दे."

"आता तरी म्हणजे?"

"म्हणजे, आधीही देत होतेच की रोज. गर्भ धरून ठेवतो म्हणतात. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. तीन-तीन पाण्यांनी धुऊन देत होते हो."

पालक, कोथिंबीर, पुदिना.

 खरं सांगतो, त्या क्षणी मी गप्प बसायचा विचार केला. पेला हातून पाडायचा, मग अंगण खणून काढायचं, दुःखात केलं म्हणायचं. सगळ्यांना पटलं असतं. तिच्या हातात पेला होता आणि ती मागच्या खोलीकडे निघाली होती.

"पद्मा, ते टाक."

"का?"

"मी मुंग्यांची पावडर टाकली होती. सगळीकडे. कडेला जास्त."

"कधी?"

"सतरा तारखेला. तुम्ही तपासणीला गेला होतात तेव्हा."

तिनं पेला खाली ठेवला. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. अठरा, एकोणीस, वीस. ओठ हलत होते. पंचवीसपर्यंत गेली आणि थांबली. आठ पेरं. मी म्हणालो, डॉक्टर म्हणाल्या होत्या, कुणी काही केल्यामुळे झालेलं नाही. आधी दोनदा झालं तेव्हा कुठे होती पावडर? रोज धूत होतीस, तीन पाण्यांनी, गेली असेल सगळी. मी बोलतच होतो. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

ती म्हणाली, "डॉक्टरांना कुठे माहीत होतं?"

मग म्हणाली, "मला सांगायचंत हो." आणि लगेच, "मी तरी कुठे सांगितलं."

आता मी डॉक्टरांना जाऊन विचारू शकतो. विचारलं तर त्या काहीतरी सांगतील. हो म्हणाल्या तर पुढे जगायचं कसं, आणि नाही म्हणाल्या तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवणार आहे का? विचारायचं की नाही, हेसुद्धा मला ठरवता येत नाही.

पद्मजानं रस मोरीत ओतला. मिक्सरचं भांडं घासायला घेतलं. घासून झालं, विसळलं, पुन्हा राख लावून घासायला घेतलं. पाठमोरीच म्हणाली, "सुरुचीला सांगायचं नाही. आपण दोघं असेपर्यंत नाही. कळलं?"

"कळलं."

अकराच्या सुमाराला सुरुची आपण होऊन बाहेर आली. महिन्याभरात पहिल्यांदा. पायरीवर चपला काढल्या आणि गवतात उतरली, हळूहळू, एकेक पाऊल टाकत, आणि चौकोन एकेचाळीसमध्ये बसली. तिला क्रमांक माहीत नाहीत. हातानं गवत कुरवाळलं. "बाबा, किती मऊ आलंय," म्हणाली. "या ना दोघं. आज बसायचं ठरलं होतं ना."

आम्ही गेलो. तिच्या दोन बाजूंना बसलो. ऊन छान होतं. ती बोलत नव्हती, पण तिचा चेहरा जरा सैल झाला होता, आणि मला वाटलं, एवढं तरी. एवढं तरी हिरवळीनं केलं.

मग तिनं सहज एक कोवळी काडी खुडली आणि लहानपणी धरायची तशी दातात धरली.

आम्ही दोघं एकदम ओरडलो. पद्मजानं तिच्या हातावर फटका मारला, काडी उडून पडली. सुरुची घाबरून एकदा तिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. "अगं काय? काय झालं काय?"

"काही नाही," पद्मजा म्हणाली. तिचा हात अजून हवेतच होता. "घाण असते गं. त्या इंद्रजीतची मांजरं फिरतात इथे."

सुरुची माझ्याकडे पाहत राहिली.

"हो," मी म्हणालो, "मांजरं फार झालीत."